सतरा सप्टेंबर आमचाही आहे

मराठवाड्यात एका दिवसाला तीन नावे आहेत. सरकारी निमंत्रणपत्रिकेवर तो 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' असतो. गावोगावची म्हातारी माणसे, मग ती हिंदू असोत की मुसलमान, त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणत आली. उर्दू पुस्तकांत आणि हैदराबादच्या जुन्या घराण्यांच्या बैठकीत त्याचे नाव 'सुकूत-ए-हैदराबाद', म्हणजे हैदराबादचे पतन. तारीख एकच, १७ सप्टेंबर १९४८. देश १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला, बीडला त्यासाठी आणखी तेरा महिने थांबावे लागले.

बीड जिल्ह्यातल्या मुसलमानाने यांतले कोणते नाव घ्यावे? हा प्रश्न आम्हांला सरळ कुणी विचारत नाही. तो आडून विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. तरी आमचे उत्तर स्पष्ट आहे. आम्ही 'मुक्ती' म्हणतो. मात्र अलीकडे हा शब्द व्यासपीठांवरून ज्या रीतीने फेकला जातो, त्याला आमची सक्त हरकत आहे. ती नोंदवण्यासाठीच हा लेख.

निवडणूक जवळ आली की भाषणांत 'निजामाची औलाद', 'रझाकारांचे वारस' अशा शिव्या सुरू होतात. सतरा सप्टेंबरच्या भाषणात कुणी वक्ता सांगतो की आपण 'त्यांच्या' राज्यातून सुटलो. समोर शाळेची मुले ओळीत उभी असतात. त्यांत उर्दू शाळेची मुलेही असतात. पांढऱ्या शर्टावर कागदी तिरंगा लावलेला त्यातला एखादा पोरगा ते ऐकतो. हा पोरगा सुटलेल्यांत मोडतो की हरलेल्यांत? त्याने टाळ्या वाजवायच्या की मान खाली घालायची? स्वातंत्र्याच्या अर्थावर तत्त्वज्ञानाची पाने कितीही भरता येतील, पण आमच्या जिल्ह्यात त्या अर्थाची परीक्षा या एका प्रश्नावर होते.

आधी 'त्यांचे राज्य' म्हणजे कोणाचे राज्य ते पाहू. १९४१च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या सुमारे एक कोटी त्रेसष्ट लाख होती. त्यांत मुसलमान साधारण आठात एक. सातवा निजाम मीर उस्मान अली खान याला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकाने १९३७ साली मुखपृष्ठावर छापले होते. त्याच वेळी बीड, गेवराई, माजलगाव, मोमिनाबाद, पाटोदा, आष्टी या भागांतले आमचे आजे-पणजे काय करत होते? पिंजारी दारोदार कापूस पिंजत होता. मोमीन मागावर बसत होता. बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार आपापली पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठत होते. फकीर भिक्षेवर जगत होता. या माणसांना राजवाडा सोडा, तहसीलदाराची कचेरीही परकी होती. जहागीरदाराच्या दारात त्यांना जोडे काढूनच उभे राहावे लागे. तो जहागीरदार कधी मुसलमान असे, कधी हिंदू. महाराजा किशनप्रसाद निजामाचे दिवाण होते आणि तेलंगणात गदवाल, वनपर्तीची हिंदू संस्थाने त्याच राजवटीच्या छत्राखाली सुखाने नांदत होती. सरंजामशाहीला धर्म लागतो तो रयतेला गप्प बसवण्यापुरता. लुटीच्या वाटणीत ती धर्म विचारत नाही.

याचा अर्थ हिंदू रयतेवर अन्याय झाला नाही असा आम्ही काढत नाही. तो झाला. सरकारी नोकऱ्या, पोलीस, न्यायालये यांत मुसलमान वरिष्ठ वर्गाचे वर्चस्व होते. मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेवर उर्दू लादली गेली. उस्मानिया विद्यापीठात शिकायचे तर उर्दूतूनच. सभा घ्यायला परवानगी, शाळा काढायला परवानगी. राज्याच्या कारभारात रयतेचा आवाज असावा एवढेच मागणाऱ्या स्टेट काँग्रेसवर १९३८ साली स्थापनेआधीच बंदी आली. हे सगळे आम्ही जसेच्या तसे मान्य करतो. आमचे म्हणणे एवढेच की त्या उर्दूचाही लाभ आमच्या पिंजाऱ्याच्या पोराला झाला नाही. घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलणारे ते पोर कुठल्याच शाळेत गेले नव्हते.

या पिंजाऱ्याला एक दिवस सांगण्यात आले की तू राजा आहेस. १९२७ साली स्थापन झालेल्या इत्तेहादुल मुसलमीनने 'अनल मलिक' हा सिद्धांत मांडला. मी सार्वभौम आहे, असा त्याचा अर्थ. निजाम हा केवळ प्रतीक, खरी सत्ता रियासतीतल्या प्रत्येक मुसलमानाची, असे त्याला पढवले गेले. भुकेल्या माणसाला भाकरीऐवजी मुकुट देण्याचा हा प्रकार होता. मुकुट दिसतही नव्हता आणि विकताही येत नव्हता. पण त्याच्या नशेत शेजाऱ्यावर हात उचलता येत होता. बहादूर यार जंग यांच्यानंतर ही संघटना लातूरला वकिली करणाऱ्या कासिम रझवीच्या हाती गेली आणि रझाकार उभे राहिले.

रझाकारांविषयी आमच्या मनात कसलीही दुविधा नाही. त्यांनी गावे लुटली, घरे जाळली, माणसे मारली, बायकांची अब्रू घेतली. हजारो कुटुंबे घरदार टाकून सरहद्दीपलीकडे नगर-सोलापूरकडे गेली. हे गुन्हे होते. ते इस्लामच्या नावाने केले म्हणून त्यांचे पाप कमी होत नाही, उलट वाढते. त्या काळातल्या हिंदू आजीच्या आठवणीत 'रझाकारी' हा शब्द ज्या थरकापाने येतो, तो थरकाप खरा आहे. त्याला 'अतिशयोक्ती' म्हणणारा मुसलमान आमचा प्रतिनिधी नाही.

पण मग शोएबुल्ला खान कोणाचे वारस ठरतात? 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे हे तरुण संपादक. तिशीही गाठली नव्हती. हैदराबादने भारतात सामील व्हावे, रझाकारांना आवरावे, असे ते हैदराबादेत बसून, उर्दूत, उघडपणे लिहीत होते. ऑगस्ट १९४८मध्ये रात्री कचेरीतून घरी जाताना रझाकारांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिता हात तोडला. पोलीस ॲक्शन महिन्यावर आली होती. मख्दूम मोहिउद्दीन कोणाचे? उर्दूतला हा नामवंत कवी निजाम आणि जमीनदार यांच्याविरुद्ध तेलंगणच्या शेतकऱ्यांच्या सशस्त्र लढ्यात उतरला. हे दोघे मुसलमान नव्हते काय? व्यासपीठावरून आमचे वारसदार ठरवणाऱ्यांना रझवी बरोबर आठवतो. शोएबुल्ला मात्र आठवत नाही.

स्वामी रामानंद तीर्थांचे नाव आमच्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, त्यांनी शाळा चालवली आणि तिथून ते १९३८च्या सत्याग्रहात गेले. आज त्यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. आपला लढा मुसलमानांशी नाही, सरंजामी एकतंत्री सत्तेशी आहे, हीच स्वामीजींची भूमिका होती. त्यांच्या पुतळ्याला हार घालून त्याच तोंडाने मुसलमानांना निजामाची औलाद म्हणणारा माणूस स्वामीजींचा अनुयायी नव्हे. तो कासिम रझवीचाच शागीर्द आहे. मुसलमान म्हणजे निजाम, निजाम म्हणजे मुसलमान, हे समीकरण रझवीचे होते. ते स्वामीजींचे कधीच नव्हते.

आता त्या भागाकडे येऊ, ज्याच्याविषयी सतरा सप्टेंबरच्या भाषणांत एक वाक्यही नसते. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. पण गावोगावी जे घडले ते त्या पाच दिवसांत संपले नाही. रझाकारांनी केलेल्या जुलमाचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला, त्यांतले बहुसंख्य रझाकार नव्हतेच. रझाकार पळाले होते. मागे राहिले होते विणकर, पिंजारी, शेतमजूर आणि त्यांची बायकापोरे.

ही आमची ऐकीव कैफियत नाही. भारत सरकारनेच पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक सद्भावना मंडळ १९४८च्या अखेरीस हैदराबादला पाठवले. सोबत काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी होते. संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत हे मंडळ फिरले. अगदी सावध अंदाजानेही संपूर्ण संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असे त्यांनी नमूद केले. सर्वाधिक हानी उस्मानाबाद (आताचे धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत झाली. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), बीड, नलगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. आमच्या बीडचे नाव त्या यादीत आहे.

गृहमंत्री सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. रझाकारांच्या अत्याचारांना त्यात पुरेशी जागा नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप असू शकतो. तो जाहीर करावा, अहवालही जाहीर करावा, लोक दोन्ही वाचतील. पण सरकारने तो छापलाच नाही. दशकानुदशके तो बंद राहिला. अखेर २०१३ साली ए. जी. नूरानी यांनी आपल्या इंग्रजी पुस्तकात तो संपूर्ण दिला. मराठीत तो आजही सामान्य वाचकाच्या हाती नाही. आणि ज्या जिल्ह्यांची ही कहाणी, त्यांतल्या बहुतेकांची भाषा तर मराठीच!

त्या अहवालातली एक गोष्ट आम्हांला आकड्यांपेक्षा मोठी वाटते. अनेक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान कुटुंबांना आसरा दिला, काहींनी त्यासाठी जीव गमावला, असे मंडळाने लिहून ठेवले आहे. विशेषतः एका धंद्यातल्या माणसांत हा जिव्हाळा दिसला. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना चालून आलेल्या जमावापासून वाचवले. पळवलेल्या स्त्रिया परत मिळवायलाही अनेक हिंदूंनी मदत केली. मुक्तिसंग्रामाच्या वीरांची यादी करायची तर हे विणकर त्या यादीत का नाहीत? रझाकारांपासून गाव वाचवणारा वीर असेल, तर जमावापासून शेजारी वाचवणाराही वीरच आहे. अहवाल दडपल्याने मुसलमानांचे दुःख तर दडलेच, हिंदूंचे हे मोठेपणही दडले.

आणि ज्याच्यापासून मुक्ती मिळवली तो निजाम कुठे गेला? तो कुठेच गेला नाही. २६ जानेवारी १९५०पासून तो हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ साली राज्य पुनर्रचना होईपर्यंत त्या पदावर राहिला. वर्षाला पन्नास लाखांचा तनखा त्याला मिळाला. कासिम रझवी १९५७ साली तुरुंगातून सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. १९७०मध्ये तो कराचीत मेला. राजाला पद मिळाले, सेनापतीला परदेश मिळाला. हिशेब चुकता केला तो आमच्या पिंजाऱ्याने, आणि आज पाऊणशे वर्षांनंतरही व्याज त्याच्याच नातवाकडे मागितले जाते.

आमच्या माणसांनाही चार शब्द ऐकवायला हवेत. आपल्यातही काही मंडळी अजून 'हुजूर के जमाने में' अशी सुरुवात करून उसासे टाकतात. त्या काळी धान्य स्वस्त होते, अदब होती, उर्दूला मान होता, असे सांगतात. कोणाला मान होता? अशराफांच्या हवेलीला. बागवानाच्या पाटीला नव्हता. ज्यांची जहागीर गेली त्यांनी 'सुकूत' म्हणावे, त्यांचे काहीतरी पडले होते. ज्याच्याजवळ पडण्यासारखे काही नव्हतेच, त्याने दुसऱ्याच्या हवेलीसाठी का रडावे? आपले रडणे त्या मारल्या गेलेल्या विणकरासाठी असले पाहिजे आणि रझाकारांनी जाळलेल्या घरातल्या हिंदू शेतकऱ्यासाठीही असले पाहिजे. या दोघांना एकाच रांगेत बसवून दुवा मागता येत नसेल, तर आपण कौमी राजकारणाच्या त्याच जुन्या चिखलात उभे आहोत.

रियासतीतल्या मुसलमानाला 'अनल मलिक' हे खोटे सांगितले गेले होते. ते खरे झाले संविधानामुळे. १९५२च्या निवडणुकीत बीडच्या पिंजाऱ्याची बायको मतपेटीपुढे उभी राहिली, तेव्हा ती पहिल्यांदा खरोखर सार्वभौम झाली. एकटी नव्हे, आणि मुसलमान म्हणूनही नव्हे. शेजारची मराठा, वंजारी, महार, मांग, लमाण बाई तिच्याइतकीच सार्वभौम झाली. आम्ही सतरा सप्टेंबरला मुक्ती म्हणतो ते या कारणाने. आमच्यावरचा राजा गेला, आणि आमच्या डोक्यावर ठेवलेला खोटा मुकुटही गेला.

म्हणूनच आजचा हिशेबही याच मापाने व्हायला हवा. बीड जिल्हा देशाला ऊसतोड मजूर पुरवतो. दसरा-दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. माणसाचे नाव अवजारावरून पडावे यात सगळे आले. उचल फिटेपर्यंत कोयत्याला सुट्टी नाही, दिवस चुकला की खाडा. २०१९मध्ये या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३ हजार ८६१ बायकांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, हेही त्यामागचे एक कारण सांगितले गेले. वेठबिगार कायद्याने १९७६ साली संपली. या बायकांना विचारा, ती कुठे संपली. त्यांत सगळ्या जातींच्या गरीब घरच्या बायका आहेत, आमच्याही आहेत. उचलीच्या वहीत मुकादम धर्माचा रकाना ठेवत नाही.

भीतीचाही हिशेब करू. ९ डिसेंबर २०२४ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून खून झाला आणि आमच्या जिल्ह्यातल्या खंडणीची चर्चा साऱ्या महाराष्ट्रात झाली. ३० मार्च २०२५ला, ईदच्या आदल्या दिवशी पहाटे, गेवराई तालुक्यातल्या अर्धमसला गावच्या मशिदीत जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट झाला. जीवितहानी झाली नाही, दोन तरुणांना अटक झाली. गावचा सरपंच जिथे सुरक्षित नाही आणि गावची मशीद जिथे सुरक्षित नाही, तिथे भय एकच असते. ते वाटून घेऊन हिंदूंचे भय आणि मुसलमानांचे भय असे दोन ढीग करणाऱ्यांना दोन्ही ढिगांवर उभे राहून भाषण करता येते, एवढाच त्याचा उपयोग.

१७ सप्टेंबर २०२५ला बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. १९९५ साली मंजुरी मिळालेला नगर-बीड-परळी हा मार्ग. त्यातली ही पहिली प्रवासी गाडी बीडला पोचायला मुक्तीनंतर सत्याहत्तर वर्षे लागली. गाडीत हिंदू बसले, मुसलमान बसले, तिकिटाचा दर सारखाच होता. आम्हांला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. मुक्तिदिन साजरा करण्याची ती बरी रीत होती. भाषणात जुने मुडदे उकरण्यापेक्षा कितीतरी बरी.

आमच्या मागण्या फार नाहीत. सुंदरलाल मंडळाचा अहवाल आणि त्यावरचा सरदार पटेलांचा आक्षेप, दोन्ही मराठीत छापून शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत ठेवावेत. शालेय पुस्तकांत मुक्तिसंग्रामाच्या धड्यात रझाकारांचे जुलूम स्पष्ट लिहावेत, शोएबुल्ला खान यांचे बलिदान लिहावे, पोलीस ॲक्शननंतरची हत्याकांडे लिहावीत आणि शेजाऱ्याला वाचवणारे विणकरही लिहावेत. चौथ्या गोष्टीशिवाय पहिल्या तीन गोष्टी मुलांना नुसता द्वेष शिकवतील. आणि आमच्या वस्त्यांतल्या अंजुमनांनी, उर्दू शाळांनी सतरा सप्टेंबरला घरात बसून न राहता झेंड्यासमोर उभे राहावे, शोएबुल्लांचे नाव मोठ्याने घ्यावे. हे काम सरकारने सांगण्याची वाट पाहायला नको.

इतिहासाचा अर्धा भाग वाचणारा माणूस अर्धाच मुक्त असतो. हिंदू मनाला रझाकाराच्या भीतीतून आणि मुसलमान मनाला सुकूतच्या उसाशातून बाहेर पडायचे आहे. दोघांनाही मुकादमाच्या वहीतून बाहेर पडायचे आहे. यांतले एकही काम १९४८मध्ये पुरे झाले नाही. ते पुरे करायला लागलेल्या प्रत्येकाला आम्ही मुक्तिसंग्रामातला सैनिक मानू, त्याचे नाव विचारण्याआधी.

उर्दू शाळेतल्या त्या पोराला आमचे एवढेच सांगणे आहे: बाळा, टाळ्या वाजव. तुझा पणजा या रियासतीचा राजा नव्हता, रयत होता. सुटलेल्यांत तोही होता. आणि कुणी वक्ता तुला हरलेल्यांत बसवू लागला, तर मान खाली न घालता त्याला शोएबुल्ला खान कोण होते ते विचार.